डांबरात तेलाच्या कॅप्सूल: बनवणे, मिसळणे, पसरवणे आणि कुठे गडबड होते

डांबरी रस्त्याचा वरचा थर झिजून जाण्याआधी बहुतेक वेळा कडक होऊन मरतो. डांबरातले हलके, तेलकट घटक उडतात, उरलेल्यांपैकी काहींचे हवेतल्या प्राणवायूने अस्फाल्टीनमध्ये, म्हणजे जड, कडक घटकांत, रूपांतर होते. पेनिट्रेशन (सुई डांबरात किती खोल शिरते ते माप) उतरते, सॉफ्टनिंग पॉइंट (डांबर मऊ पडते ते तापमान) चढतो, आणि जे डांबर पहिल्या उन्हाळ्यात केसाएवढी भेग स्वतःच बुजवून टाकत होते ते काही वर्षांनी काचेसारखे वागू लागते. मग भेग, भेगेत पाणी, सुटी खडी आणि शेवटी खड्डा.

या कडक झालेल्या डांबराला पुन्हा मऊ करणारे तेल म्हणजे रिज्युव्हिनेटर. रस्त्यावर वरून फवारले तर ते दाट थरात जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर झिरपते आणि काही काळ रस्ता निसरडा करून ठेवते. म्हणून तेल आधीच छोट्या कवचबंद गोळ्यांत भरून डांबर मिश्रणातच टाकायचे आणि वाहनांच्या दाबाने, भेगेच्या टोकाशी ते हळूहळू बाहेर येऊ द्यायचे, ही कल्पना पुढे आली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात अल्वारो गार्सिया, एरिक श्लांगेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सच्छिद्र वाळूच्या कणांत तेल मुरवून त्यावर इपॉक्सी आणि सिमेंटचे कवच चढवले. पुढे नॉटिंगहॅममध्ये कॅल्शियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या, जेल होणाऱ्या पदार्थाच्या) कॅप्सूल आल्या आणि लहान प्रयोगशाळांनाही हे काम हाताशी आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वान्सी विद्यापीठ आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजने चिलीमधल्या संशोधकांसोबत वनस्पतींच्या बीजाणूंत पुनर्वापराचे तेल भरून बारीक भेगा प्रयोगशाळेत तासाभराच्या आत बुजवून दाखवल्या. त्याची बातमी जगभर फिरली, ‘खड्डे स्वतःच बुजणार’ अशा मथळ्यांसकट.

खड्डे बुजत नाहीत. कॅप्सूल काम करते ती भेग डोळ्याला जेमतेम दिसते तेव्हा. खालचा थर बसलेला असेल, साइड पट्टी रस्त्यापेक्षा उंच असल्याने पाणी तुंबत असेल, टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा फवारा) नीट बसला नसेल, तर कॅप्सूलवर एक रुपयाही खर्च करू नये. आधी पाण्याचा निचरा, मग बाकी सगळे.

इथे अल्जिनेट कॅप्सूल घेतल्या आहेत. मिश्रण म्हणून रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांतले बिटुमिनस काँक्रीट ग्रेडिंग २, म्हणजे ३० ते ४० मिमीचा वरचा थर, आणि व्हीजी-३० (व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, यावरून ठरणारी श्रेणी) डांबर धरले आहे. ज्यांना प्रयोगशाळेत आणि नंतर छोट्या पट्ट्यावर चाचणी घ्यायची आहे त्यांना यातले आकडे थेट वापरता येतील.

तेल कोणते

पहिला प्रश्न तेलाचा, आणि त्याचे उत्तर कॅप्सूल बनवण्याआधी मिळवायचे. प्रकाशित कामात सर्वाधिक वापरले गेलेले तेल म्हणजे रिफाइंड सूर्यफूल. ते सहज मिळते, त्याचा धूरबिंदू सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने हॉट मिक्सचे तापमान सोसते, आणि डांबरात चांगले विरघळते. दोष असा की त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असल्याने हवा लागली की ते स्वतःच ऑक्सिडाइझ होते. कवच चांगले असेल तर हा दोष झाकला जातो.

वापरलेले खाद्यतेल स्वस्त वाटते. खाद्यतेलातले एकूण पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळणाला वापरता येत नाही असा नियम देशात २०१८ पासून आहे, त्यामुळे हॉटेल आणि फरसाणवाल्यांकडे असे तेल साठते. मात्र त्यात मोकळी मेदाम्ले जास्त असतात आणि ती डांबर व खडीची पकड सैल करतात. वापरायचेच असेल तर आधी कापडातून आणि मग ७५ मायक्रॉन चाळणीतून गाळावे, ११० अंशांना बुडबुडे थांबेपर्यंत तापवून पाणी घालवावे, आणि प्रत्येक खेपेचे आम्लमूल्य तपासावे. दोन खेपा कधीच सारख्या नसतात. तुलनात्मक चाचणीसाठी ताजे तेलच बरे.

तेल ठरले की डोस शोधायचा. व्हीजी-३० डांबर आरटीएफओमध्ये (फिरत्या, पातळ थराच्या ओव्हनमध्ये) १६३ अंशांना ८५ मिनिटे, मग पीएव्हीमध्ये (दाबाखाली डांबर म्हातारे करणाऱ्या भांड्यात) १०० अंश, २.१ मेगापास्कल दाबाखाली २० तास ठेवून म्हातारे करावे. पीएव्ही नसेल तर ज्या रस्त्याचा थर खरवडणार आहात त्याच्याच डांबराचे निष्कर्षण करून (द्रावकाने खडीपासून वेगळे काढून) ते वापरावे, ते उलट जास्त खरे असते. या डांबरात २, ४, ६, ८ टक्के तेल मिसळून पेनिट्रेशन, सॉफ्टनिंग पॉइंट आणि ६० अंशांची व्हिस्कॉसिटी मोजावी. आयएस ७३ या भारतीय मानकाप्रमाणे ताज्या व्हीजी-३० ची व्हिस्कॉसिटी २४०० ते ३६०० पॉइज, पेनिट्रेशन किमान ४५, सॉफ्टनिंग पॉइंट किमान ४७ अंश. जितक्या टक्क्यांना जुने डांबर या पट्ट्यात परत येते तो आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. पुढचे सगळे गणित त्याच्यावर बसते.

कॅप्सूल बनवणे

एका घाण्यासाठी ६०० मिली पाणी, १५ ग्रॅम सोडियम अल्जिनेट, ६० ग्रॅम तेल. वेगळ्या भांड्यात एक लिटर पाण्यात २ टक्के कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण. बाजारात कॅल्शियम क्लोराइड बहुधा डायहायड्रेट मिळते, तेव्हा लिटरला २० ऐवजी २६.५ ग्रॅम घ्यावे. बाटलीवरचे लेबल न वाचता वजन केले की कवच कच्चे राहते आणि दोष तेलाला जातो.

पाणी आरओचे किंवा डिस्टिल्ड हवे. बोअरचे पाणी इथे अजिबात चालत नाही. त्यातल्या कॅल्शियममुळे अल्जिनेट भांड्यातच गोठू लागते आणि शेवाळासारखे तंतू दिसतात. अल्जिनेट घेताना जास्त गुलुरोनेट (अल्जिनेटचा एक घटक) असलेले मागावे, त्याची जेल कडक बसते.

स्टररने पाण्यात भोवरा करून अल्जिनेटची पूड चिमटी-चिमटीने सोडावी. एकदम ओतली तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या तासभर ढवळूनही फुटत नाहीत. द्रावण एकजीव आणि पारदर्शक झाले की ढवळत असतानाच तेल बारीक धारेने सोडावे आणि दुधाळ, एकसारखा रंग येईपर्यंत जोरात घुसळावे. दहा मिनिटे स्थिर ठेवून वर तेलाची तवंग येते का पाहावी. आली तर घुसळण कमी पडली आहे, पुन्हा फिरवावे. तवंग असतानाच थेंब पाडायला घेतले तर सुरुवातीच्या गोळ्या पोकळ आणि शेवटच्या नुसत्या तेलाच्या होतात.

हे इमल्शन सेपरेटिंग फनेलमधून किंवा सुमारे ३ मिमी तोंडाच्या नळ्यांतून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडायचे. द्रावण संथ फिरत राहिले पाहिजे, म्हणजे गोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत. उंचीवर सगळे अवलंबून आहे. फार जवळून सोडले तर थेंब पृष्ठभाग नीट फोडत नाही आणि गोळीला शेपूट येते, फार उंचावरून सोडले तर आदळून चपटा होतो. दहा सेंटीमीटरपासून सुरू करून गोळी गोल येईपर्यंत उंची सरकवावी. शेपटीवाल्या कॅप्सूल चाळून बाजूला काढणे सक्तीचे समजा. त्या शेपटीपाशीच फुटतात.

गोळ्या द्रावणात बारा तास राहू द्याव्यात, मग आरओ पाण्याने दोनदा धुवाव्यात आणि स्टीलच्या जाळीवर एकेरी थरात पसरून ४० अंशांच्या ओव्हनमध्ये दीड दिवस वाळवाव्यात. ओली गोळी साधारण ४ मिमीची असेल तर वाळल्यावर ती २ मिमीच्या आसपास, साबुदाण्याएवढी उरते, कारण तिचा जवळजवळ नऊ दशांश भाग पाणीच असतो. वेळ वाचवायला ओव्हन ८० अंशांवर नेऊ नये. पृष्ठभाग आधी आक्रसतो, आतले पाणी अडकते आणि गोळी तेल गाळू लागते. दोन तासांच्या अंतराने केलेल्या दोन वजनांत अर्ध्या टक्क्याहून कमी फरक आला की वाळवण झाली. आत पाणी उरले तर पुढे १६० अंशांच्या खडीत वाफ होऊन कॅप्सूल फुटणारच.

एका घाण्यातून कागदावर ७५ ग्रॅम आणि त्यात ८० टक्के तेल मिळायला हवे. धुताना आणि वाळवताना थोडे तेल जातेच, म्हणून प्रत्यक्षात तेल ७५ टक्के धरून पुढचा हिशेब करावा. तयार माल हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना ठेवावा. खोलीत उघडा ठेवला तर दोन आठवड्यांत डब्याच्या तळाशी तेल दिसू लागते.

मिश्रणात टाकण्याआधी तीन चाचण्या

उष्णता: दहा ग्रॅम कॅप्सूल १६५ अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवून वजन करावे आणि नंतर फिल्टर पेपरवर अर्धा तास पसरून ठेवाव्यात. वजनातली तीन-चार टक्क्यांची घट म्हणजे उरलेला ओलावा, त्याला हरकत नाही. पेपरवर तेलाचा ओला डाग पडला तर मात्र तो घाणा बाद.

ताकद: एकेक कॅप्सूल दोन सपाट प्लेट्समध्ये सावकाश दाबून ती कोणत्या भाराला फुटते ते पाहावे. किमान वीस गोळ्या घ्याव्यात, अर्ध्या २० अंशांना, अर्ध्या तापवून थंड केलेल्या. सरासरी १० न्यूटन हा कामचलाऊ उंबरठा. सरासरीपेक्षा खालच्या टोकाकडे जास्त लक्ष द्यावे: वीसपैकी पाच गोळ्या ४ न्यूटनला फुटत असतील तर मिक्सरमध्ये पाव तेल आधीच सांडले म्हणून समजा.

तिसरी चाचणी बहुतेक लोक गाळतात. काही गोळ्या साध्या पाण्यात आणि काही ३ टक्के मिठाच्या पाण्यात चोवीस तास ठेवाव्यात. साध्या पाण्यात त्या थोड्या फुगतात. मिठाच्या पाण्यातला सोडियम कवचातल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि कवच मऊ, चिकट होते. डांबराच्या आवरणाखाली हा धोका कमी असला तरी किनाऱ्यालगतच्या कोकणात किंवा गोव्यात, विशेषतः जास्त पोकळीच्या (आत हवेच्या जागा जास्त असलेल्या) मिश्रणात, हे विसरून चालत नाही.

किती टाकायच्या

प्रकाशित प्रयोगांत एकूण मिश्रणाच्या वजनाच्या ०.१ पासून एक-सव्वा टक्क्यापर्यंत डोस दिसतात आणि ०.५ टक्का हा नेहमीचा आकडा. तो डोळे झाकून घेऊ नये. मार्शल चाचणीचा, हातोड्याने ठोकून बनवलेला १२०० ग्रॅमचा नमुना घ्या. ०.५ टक्का म्हणजे ६ ग्रॅम कॅप्सूल, त्यात साडेचार ग्रॅम तेल. ५.४ टक्के डांबर धरले तर नमुन्यात सुमारे ६५ ग्रॅम डांबर. म्हणजे सगळ्या कॅप्सूल फुटल्या तर डांबराच्या ७ टक्के तेल सुटते. ताज्या व्हीजी-३० मध्ये ७ टक्के वनस्पती तेल थेट मिसळले की ते व्हीजी-१० च्या आसपास किंवा त्याहून मऊ होते. विदर्भात मे महिन्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. तिथे हे डांबर ट्रकच्या चाकाखाली खचणार.

म्हणून दोन आकडे समोर ठेवायचे. पहिला, वहीत लिहिलेला, म्हणजे म्हाताऱ्या डांबराला किती टक्के तेल लागते तो. दुसरा, मिक्सिंग आणि रोलिंगमध्ये किती कॅप्सूल फुटतात तो, जो पुढे कोरमधून (रस्त्यातून कापून काढलेल्या दंडगोल तुकड्यातून) कळेल. सुरुवातीलाच पंचवीस टक्के फुटत असतील तर ०.५ टक्क्याच्या डोसला दीड-दोन टक्के तेल पहिल्याच दिवशी डांबरात गेले. ते सोसण्यासारखे आहे. निम्म्या फुटत असतील तर डोस कमी न करता कॅप्सूल सुधारा. कमकुवत कॅप्सूल कमी टाकल्या तर ताज्या डांबराला नको असलेले तेल मिळते आणि पाच वर्षांनी हवे असलेले मिळत नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

उष्ण प्रदेशाचा एक मुद्दा युरोपातल्या निष्कर्षांत सहज सुटतो. तापमान ४० अंशांच्या वर गेले की कॅप्सूल नसलेले ताजे डांबरही भेगा चांगल्या बुजवते. आपल्याकडे वर्षातले कित्येक महिने दुपारी रस्ता त्याहून तापलेला असतो. म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांत कॅप्सूलचा फायदा इथे फारसा दिसणार नाही. उलट त्याच उन्हामुळे डांबर लवकर म्हातारे होते, तेव्हा खरी गरज नंतर पडते. आपल्यासाठी चांगली कॅप्सूल म्हणजे उशिरा फुटणारी कॅप्सूल. थोडे जाड कवच, थोडा कमी डोस, ०.३ ते ०.५ टक्का, ही आमची पसंती.

डिझाइनमध्ये कॅप्सूल वजनाने भरून आकारमानाने वजा करायच्या. त्यांची घनता १.०५ च्या आसपास, बेसाल्टची २.८ च्या आसपास. सहा ग्रॅम कॅप्सूल जितकी जागा घेतात तितकी जागा १६ ग्रॅम कच घेते. तेव्हा २.३६ ते १.१८ मिमीच्या अंशातून ६ नव्हे, १६ ग्रॅम कमी करावेत. हे न करता कॅप्सूल वरून टाकल्या की पोकळीचे सगळे आकडे खोटे ठरतात. कमाल सैद्धांतिक घनता (पोकळी शून्य धरलेली घनता) कॅप्सूलसह नव्याने मोजावी, मात्र मोजताना निर्वात पंपाखाली जोरात हलवू नये.

मार्शलचे निकष नेहमीचेच: ७५ ठोके, स्थिरता किमान ९ किलोन्यूटन, फ्लो २ ते ४ मिमी, पोकळी ३ ते ५ टक्के, पाण्यात ठेवलेल्या नमुन्याची ताण ताकद कोरड्याच्या किमान ८० टक्के. स्थिरता थोडी उतरेल. हॅम्बुर्ग व्हील ट्रॅकिंग (पाण्याखाली चाक फिरवून खच मोजणे) ५० अंशांना २०,००० फेऱ्यांपर्यंत करावे आणि ते कॅप्सूलविना नमुन्याच्या शेजारी ठेवून वाचावे. इथे खचेची खोली स्पष्ट वाढली तर बाकी चाचण्या कितीही चांगल्या असोत, डोस खाली आणावा. मार्शलच्या हातोड्याने कॅप्सूल रोलरपेक्षा जास्त फुटू शकतात, त्यामुळे जायरेटरी कॉम्पॅक्टर (फिरवत मळून दाबणारे यंत्र) उपलब्ध असेल तर तोच वापरावा.

भेग बुजते का, हे तपासणे

मार्शल नमुना मधोमध कापून अर्धचंद्र करावा, सपाट बाजूला करवतीने खाच पाडावी. डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना रात्रभर ठेवून लगेच तीन बिंदूंवर मोडावा आणि कमाल भार नोंदवावा. थंड असल्याने तो ठिसूळ, स्वच्छ मोडतो. आता दोन तुकडे जुळवून स्टीलच्या पट्ट्यांत बसवावेत, वरून काही चक्रे दाब द्यावा म्हणजे कॅप्सूल फुटतील, आणि २०, ३० व ४० अंशांना २४, ७२, १२० तास विश्रांती द्यावी. पुन्हा गोठवून पुन्हा मोडावा. दुसरा भार भागिले पहिला भार, हाच भेग बुजण्याचा निर्देशांक.

इथे हमखास चुकते ते दवामुळे. फ्रीझरमधून काढलेल्या तुकड्यांच्या मोडलेल्या तोंडावर लगेच पाणी धरते आणि दोन पृष्ठभागांमध्ये डांबराऐवजी पाण्याचा पापुद्रा राहतो. निर्देशांक पाच टक्के येतो आणि लोक कॅप्सूलला नावे ठेवतात. मोडल्यावर तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलसह, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत, मगच जुळवावेत.

नमुन्यांचा एक संच ताजा आणि एक संच ८५ अंशांना पाच दिवस ठेवून म्हातारा केलेला हवा. कॅप्सूल असलेल्या आणि नसलेल्या नमुन्यांतला खरा फरक दुसऱ्या संचातच दिसतो. फक्त ताज्या नमुन्यांवरचे निकाल घेऊन कुणी विकायला आले तर म्हाताऱ्या नमुन्यांचे आकडे मागावेत.

प्लांटवर आणि रस्त्यावर

आधी मालाचा हिशेब, कारण इथेच उत्साह ओसरतो. १०० मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, ४० मिमी जाड पट्टा म्हणजे १४ घनमीटर, सुमारे ३३ टन मिश्रण. ०.५ टक्क्याने १६५ किलो कॅप्सूल. ७५ ग्रॅमच्या घाण्याने हे २२०० घाणे होतात. हाताने हे जमणारे काम नाही. त्याला अनेक तोंडांचे, कंप देणारे ड्रिपर आणि सतत चालणारा ड्रायर लागतो. पहिली चाचणी म्हणून ३ मीटर बाय १ मीटरचा, ४० मिमीचा तुकडा घ्यावा: सुमारे २८० किलो मिश्रण, १.४ किलो कॅप्सूल, एकोणीस घाणे. शेजारी तेवढाच, त्याच खडीचा, त्याच दिवशी टाकलेला कॅप्सूलविना तुकडा. तो नसेल तर पुढच्या तीन वर्षांच्या नोंदींना अर्थ नाही.

बॅच प्लांटमध्ये कॅप्सूल ड्रायरमधून कधीच नेऊ नयेत. खडी आणि फिलर (बारीक दगडी पूड) पगमिलमध्ये, म्हणजे मिश्रण ढवळणाऱ्या भांड्यात, पडले, डांबर फवारून खडी काळी झाली, की शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत कॅप्सूल सोडाव्यात. कोरड्या खडीत आधी टाकल्या तर खडीच्या धारा त्यांना चिरडतात, डांबर माखलेली खडी मात्र घसरते. एक टनाच्या घाण्याला ५ किलो, असे मोजून पातळ पॉलिथिनच्या पिशव्यांत भरावे आणि पिशवीसकट सोडावे, जसे एसएमएच्या (स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्टच्या) फायबर पेलेट्सचे करतात. पिशवी मिश्रणाच्या उष्णतेने वितळते. डबा उपडा केला तर गोळ्या एका जागी ढीग करतात आणि रस्त्यावर पुढे तिथेच काळा, चकाकणारा डाग फुटतो.

ड्रम मिक्स प्लांट असेल, आणि आपल्या तालुक्याच्या कामांवर बहुधा तोच असतो, तर जुने डांबर टाकण्याच्या कॉलरमधून (ड्रमच्या मधल्या भागातल्या तोंडातून), ज्योतीपासून दूर, पट्ट्यावर मापाने सोडावे लागते. कॉलर नसलेल्या ड्रमवर हे काम करू नये.

व्हीजी-३० साठी मिश्रणाचे तापमान १५० ते १६५ अंश सांगितलेले आहे. कॅप्सूल असताना खालच्या टोकाला, १५० ते १५५ ला राहावे. वॉर्म मिक्सचे रसायन वापरून १३० च्या आसपास येता आले तर कॅप्सूलसाठी ते सर्वोत्तम. सायलोत साठवण नको. डंपरवर ताडपत्री हवीच, आणि अंतर जास्त असेल म्हणून तापमान वाढवून पाठवण्याची सवय इथे सोडावी लागते.

पेव्हरमागे रोलर लगेच लागला पाहिजे. पहिली फेरी ८ ते १० टनी गुळगुळीत रोलरची, कंप बंद ठेवून. मधल्या फेऱ्या १२ ते १५ टनी टायर रोलरच्या, शेवट ६ ते ८ टनी टँडमने. टायर मळून दाबतो, त्यामुळे कॅप्सूल वाचतात. लोखंडी चाकाच्या कंपाने खडी खडीवर आपटते. किमान रोलिंग तापमान ९० अंश असले तरी १०० च्या आत येण्याआधी घनता मिळवून मोकळे व्हावे. थंड झालेल्या मिश्रणावर घनतेसाठी कंप चालू करण्याचा मोह साइटवर हमखास होतो आणि त्या दोन फेऱ्यांत अर्धा माल वाया जातो.

कोर आणि नोंदी

दुसऱ्या दिवशी १०० मिमी व्यासाचे तीन कोर काढावेत. घनता तपासून झाली की कोर कोमट करून हाताने सुटा करावा आणि वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाखाली ट्रायक्लोरोइथिलीनमध्ये विरघळवावा. या द्रावकाची घनता १.४६ असल्याने खडी तळाशी बसते आणि अखंड कॅप्सूल वर तरंगतात. त्या जाळीने काढून, धुऊन, वाळवून वजन करावे. टाकलेल्यापैकी किती टक्के वाचल्या हा आकडा इतक्या साध्या कामातून मिळतो, त्यासाठी सीटी स्कॅन लागत नाही.

गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेला आधीच कळवून ठेवावे, नाहीतर डांबराच्या टक्केवारीवरून भांडण ठरलेले. निष्कर्षणात फुटलेल्या कॅप्सूलचे तेल डांबरात धरले जाते. जाळून मोजण्याच्या पद्धतीत तर कवचासकट सगळी कॅप्सूल डांबर म्हणून मोजली जाते आणि ५.४ चे ५.९ टक्के दिसतात.

पुढे ६, १२, २४ आणि ३६ महिन्यांनी दोन्ही तुकड्यांचे कोर घ्यावेत. उन्हाळ्याच्या शेवटी एक फेरी, पावसाळा संपल्यावर दुसरी. एक मीटर चौकट आखून भेगांचे फोटो, वाळूने पोताची खोली, पेंड्युलमने घसरण, सरळ पट्टीने चाकाच्या रेषेतली खच. काढलेल्या डांबराचे पेनिट्रेशन आणि सॉफ्टनिंग पॉइंट दोन्ही तुकड्यांसाठी शेजारी-शेजारी लिहावेत. अखंड कॅप्सूल किती उरल्या तेही प्रत्येक वेळी मोजावे. पहिल्या वर्षातच ती संख्या शून्याकडे गेली असेल तर रस्ता चांगला दिसत असला तरी प्रयोग फसलेला आहे. तीन वर्षांनी निम्म्या उरल्या असतील आणि चाकाच्या रेषेत बाजूपेक्षा कमी उरल्या असतील, तर त्या जिथे भार आहे तिथेच फुटत आहेत, आणि हवे तेच होते आहे.

वय मोजायला कुणी एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी रासायनिक बंध ओळखण्याची पद्धत) वापरत असेल तर एक सूचना. डांबराच्या ऑक्सिडेशनची खूण १७०० प्रति सेंटीमीटरच्या आसपासच्या कार्बोनिल शिखरावर पाहतात. वनस्पती तेलातल्या एस्टरचे शिखर १७४५ ला, अगदी खांद्याला खांदा लावून उभे असते. दोन्ही वेगळे न करता क्षेत्रफळ काढले तर कॅप्सूलवाला, मऊ झालेला तुकडाच जास्त म्हातारा दिसतो. त्यामुळे १७२० च्या पुढचा भाग वगळून हिशेब करावा, आणि खात्री व्हिस्कॉसिटीने करून घ्यावी.